पिसे फुगवून बसणारा पक्षी: वारंवार उलटणाऱ्या दुखण्याचे मूळ कसे शोधावे

बजरीगर, कॉकाटील किंवा फिंच पाळणाऱ्या घरांतून एक तक्रार सारखी ऐकू येते. पक्षी पिसे फुगवून, डोळे मिटून दांडीवर बसतो. दुकानदाराने दिलेली पिवळी पावडर पाण्यात कालवून दिली की दोन-तीन दिवसांत तरतरीत होतो, शीळ घालू लागतो आणि पंधरवड्याने पुन्हा तसाच फुगून बसतो. असे तीन-चार वेळा झाल्यावर एके सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेला आढळतो आणि घरचे म्हणतात, ‘काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होता.’ तो काल ठणठणीत नव्हता. बहुधा महिनाभर आधीपासूनच नव्हता.

थव्यात राहणारा लहान पक्षी अशक्तपणा दाखवू लागला, तर शिकारी नेमका त्यालाच हेरतो. त्यामुळे दुखणे अंगावर काढत, वरकरणी खातपीत आणि बोलत राहणे ही त्याची जन्मजात सवय आहे, आणि पिंजऱ्यात कितीही पिढ्या गेल्या तरी ती सुटलेली नाही. पक्ष्याच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते टिकवण्याची ताकद उरली नाही की तो पिसे फुगवून अंगाभोवती हवेचा थर धरून ठेवतो. म्हणजे फुगून बसणे हे कोणत्याही एका रोगाचे लक्षण नव्हे, तर शक्ती संपत आल्याची खूण आहे, आणि ती बऱ्याच उशिरा दिसते. उन्हे चढली, कोणी दिवा लावून ऊब दिली किंवा दोन दिवस चांगले खाणे पोटात गेले, तर तेवढ्यानेही पक्षी सावरल्यासारखा दिसतो. त्याचे श्रेय मात्र पिवळ्या पावडरीला जाते.

ही पावडर बहुधा कोंबड्यांसाठी बनवलेले टेट्रासायक्लीन वर्गातील प्रतिजैविक असते. बजरीगर हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातला पक्षी असून तो दिवसभरात चमचाभरही पाणी पीत नाही. आजारी असताना आणि पाणी कडवट व पिवळे झाल्यावर त्याहूनही कमी पितो. पुरेसे औषध पोटात जातच नाही, आणि गेले तरी बुरशी, गोचिडीवर्गातले सूक्ष्म जीव, जीवनसत्त्वांची कमतरता किंवा पोटातील गाठ यांवर त्याचा काही उपयोग नसतो. म्हणूनच पावडर बदलून पाहण्यापेक्षा दुखणे कोणत्या वाटेने येते आहे हे शोधणे अधिक हिताचे ठरते, आणि त्या शोधातला बराच भाग पाळणाऱ्यालाच घरी करता येतो.

येथे बजरीगर, कॉकाटील, आफ्रिकी लव्हबर्ड, झेब्रा फिंच यांसारख्या परदेशी जातींचाच विचार केला आहे. राघू, मुनिया, पहाडी मैना हे देशी पक्षी पाळण्यास १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जाणारा पक्षी बहुतेक वेळा बजरीगरच असतो. दोघांच्या वजनात आणि दुखण्यांत फरक असल्यामुळे डॉक्टरांना जात नीट सांगावी.

सर्वांत आधी श्वास

पक्ष्याला हात लावण्यापूर्वी तीन-चार हात दूर उभे राहून त्याचा श्वास पाहावा. स्वस्थ बसलेल्या निरोगी पक्ष्याची छाती हलताना जेमतेम दिसते आणि चोच मिटलेली असते. प्रत्येक श्वासागणिक शेपटी वरखाली होत असेल, चोच उघडी असेल, मान ताणलेली असेल किंवा चोच पिंजऱ्याच्या तारेत अडकवून तो झोपत असेल, तर बाकीची तपासणी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अशा पक्ष्याला मुठीत पकडणेही जिवावर बेतू शकते, कारण पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढेमागे झाले तरच हवा आत-बाहेर होते, आणि मूठ आवळली की तो गुदमरतो. उन्हाळ्यात दुपारी पंख अंगापासून दूर धरून चोच उघडी टाकणारा पक्षी उष्म्याने धापा टाकत असतो. त्याला सावलीत आणि वाऱ्यात आणावे, पायांवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारावा, बर्फाचे पाणी मात्र वापरू नये.

धाप पुन्हा पुन्हा लागत असेल तर तिचे कारण फुप्फुसातच असते असे नाही. वर्षानुवर्षे केवळ राळे आणि बाजरी खाणाऱ्या बजरीगरला आयोडीन कमी पडते, कंठस्थ ग्रंथी (थायरॉइड) सुजून श्वासनलिकेवर दाब देते आणि श्वासाबरोबर चिवचिवल्यासारखा बारीक आवाज येऊ लागतो. त्याच दाबाने कधी खाल्लेले दाणेही उलटून पडतात. फिंच आणि कॅनरी यांच्यात रात्री दिवे मालवल्यावर टिकटिक असा आवाज ऐकू आला आणि नराचे गाणे बंद पडले असेल, तर श्वासनलिकेतील व वायुकोशांतील (पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पातळ पिशव्यांतील) सूक्ष्म किडीची शंका घ्यावी. मादीच्या पोटात अडकलेले अंडे, पोटात साठलेले पाणी, वाढलेली गाठ, इतकेच काय अति चरबीसुद्धा वायुकोशांना दाबून धाप लावते.

कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये दाण्यांना येणारी बुरशी हे वेगळेच प्रकरण आहे. ओलसर दाण्यांवर, पिंजऱ्याच्या तळाशी साचलेल्या भिजक्या टरफलांवर अ‍ॅस्परजिलस ही बुरशी वाढते, तिचे बीजाणू श्वासावाटे वायुकोशांत उतरतात आणि तेथे हळूहळू थर धरतात. पक्ष्याचा आवाज बदलणे किंवा बंद होणे ही त्याची लवकर दिसणारी खूण होय. तिच्यावरचे उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि यशाची खात्री नसते. त्यापेक्षा पावसाळ्यात दाणे थोडे थोडे आणावेत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि कुबट वास आला की निःसंकोच टाकून द्यावेत. खवट शेंगदाणे तर पक्ष्याला कधीच देऊ नयेत, कारण त्यांवरील बुरशीचे विष थेट यकृतावर घाला घालते.

वजन: सर्वांत आधी बोलणारी खूण

पक्षी पाळणाऱ्याने घेण्याजोगे सर्वांत उपयोगी उपकरण म्हणजे एक ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा. आपल्याकडे पिंजऱ्यावर, झुल्यांवर आणि आरशांवर खर्च होतो, काट्यावर होत नाही, हे खेदाने म्हणावे लागते. साधारण बजरीगर ३० ते ४० ग्रॅमचा, आफ्रिकी लव्हबर्ड ४५ ते ६० ग्रॅमचा आणि कॉकाटील ८० ते १०० ग्रॅमचा असतो. सकाळची पहिली विष्ठा झाल्यावर आणि खाणे घालण्यापूर्वी, आठवड्यातून एकदा ठरलेल्या दिवशी वजन करून वहीत लिहावे. एक-दोन ग्रॅमचा चढउतार नेहमीचाच असतो. दहा टक्के घट मात्र गंभीर समजावी, आणि ३५ ग्रॅमच्या बजरीगरमध्ये दहा टक्के म्हणजे अवघे साडेतीन ग्रॅम होतात. इतकी घट पिसांमुळे डोळ्यांना कधीच दिसत नाही, पण काट्यावर ती फुगून बसण्याच्या कितीतरी दिवस आधी दिसू शकते.

काटा नसेल तर छातीच्या मधल्या उभ्या हाडावरून बोट हळूच फिरवावे. दोन्ही बाजूंचे मांस हाडाशी जवळपास समपातळीत लागले पाहिजे. हाडाची धार बोटाला लागत असेल तर पक्षी वाळला आहे, मग तो दिवसभर खाण्याच्या वाटीवर बसलेला दिसला तरी त्याने फरक पडत नाही.

त्या वाटीचेही नीट पाहावे. बजरीगर दाणा सोलून गर खातो आणि टरफल तिथेच टाकतो, त्यामुळे वाटी भरलेली दिसते आणि प्रत्यक्षात वर नुसता कोंडा असतो. रोज फुंकर मारून टरफले उडवली नाहीत, तर भरल्या वाटीसमोर पक्षी उपाशी राहतो. दुसरीकडे, आजारी पक्षी दाणे चोचीत धरून केवळ चुरतो, गिळत नाही. म्हणून ‘खातो आहे’ असे म्हणण्याआधी दाणा गिळला जातो का हे पाच मिनिटे बसून पाहावे.

विष्ठेचा कागद

पिंजऱ्याच्या तळाशी वाळू, भुसा किंवा छापील रंगीत कागद घालण्याऐवजी पांढरा साधा कागद घालावा आणि तो रोज बदलावा. पक्ष्याच्या विष्ठेत तीन भाग असतात: हिरवी किंवा तपकिरी वळी, तिच्यावरचा पांढरा खडूसारखा भाग आणि भोवती थोडेसे स्वच्छ पाणी. बजरीगर दिवसाला तीसएक ते पन्नास वेळा विष्ठा टाकतो. संख्या निम्म्यावर आली आणि वळी बारीक, गडद हिरवी झाली, तर पोटात अन्न जात नाही असे समजावे.

जुलाब झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांच्या पक्ष्याला जुलाब नसतातच. वळी बांधीव असून भोवती पाणीच जास्त असेल, तर तो लघवीचा भाग वाढलेला असतो. काकडी किंवा पालेभाजी जास्त खाल्ल्याने, प्रवासाने किंवा घाबरल्याने हे तात्पुरते होते. मात्र पाणी पिणेही वाढले असेल आणि हे दोन दिवसांहून अधिक टिकले, तर मूत्रपिंडे किंवा मधुमेहाची तपासणी करावी लागते. वळीच बांधली जात नसेल आणि मागची पिसे चिकटलेली असतील, तरच ते जुलाब. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी दिसू लागला तर यकृताकडे बोट दाखवावे. वळी डांबरासारखी काळी असेल तर आतड्यात रक्तस्राव होत असल्याची शंका येते. न पचलेले अख्खे दाणे दिसले तर पोटाचा विकार धरून चालावा. बीट खाल्ल्यावर येणारा लाल रंग आणि अंड्यांवर बसलेल्या मादीची एकदम पडणारी मोठी विष्ठा यांनी घाबरून जाऊ नये.

भरपूर खातो, तरी वाळतो

बजरीगरच्या उलटणाऱ्या दुखण्यांत हे सर्वाधिक फसवे आहे. पक्षी सारखा वाटीवर असतो, अधूनमधून दाणे ओकतो, विष्ठेत दाणे किंवा चिकट स्राव दिसतो, दोन आठवडे बरा, एक आठवडा वाईट असे चक्र चालते आणि वजन उतरतच राहते. याचे एक प्रमुख कारण म्हणजे मॅक्रोऱ्हॅब्डस ऑर्निथोगॅस्टर ही जठर आणि दाणे दळणारे पोट यांच्या सांध्यावर राहणारी बुरशी. पूर्वी तिला जिवाणू समजून ‘मेगाबॅक्टेरिया’ म्हणत, आणि प्रतिजैविके देण्याची रीत काही अंशी त्या जुन्या समजुतीतूनही आली असावी. प्रत्यक्षात तिच्यावर प्रतिजैविकाचा परिणाम होत नाही. अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक थेट चोचीतून, दिवसातून दोनदा, दोन आठवडे ते महिनाभर द्यावे लागते. ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की लांब काड्यांसारखी ही बुरशी ओळखता येते, पण ती प्रत्येक विष्ठेत उतरत नाही, म्हणून एकदा नमुना निर्दोष आला तरी वेगवेगळ्या दिवसांचे नमुने पुन्हा तपासावेत. अनेक पक्षी वरून निरोगी राहून ती बाळगतात आणि जोडीदाराला देतात. एकट्यावर उपचार करून त्याच पिंजऱ्यात परत सोडले की चक्र पुन्हा सुरू होते.

ओकारीच मुख्य असेल, डोक्यावरची पिसे ओली, चिकट आणि एकमेकांत गुंतलेली दिसत असतील, गजांवर दाणे चिकटलेले असतील, तर ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीचा विचार करावा. तो गळ्याखालच्या अन्नपिशवीत वाढतो. त्याचा नमुना अन्नपिशवीतून घेऊन गरम असतानाच, काही मिनिटांत पाहावा लागतो. थंड झाल्यावर त्याची हालचाल थांबते आणि तो ओळखू येत नाही. मुंबई-पुण्यात गॅलरीत टांगलेल्या पिंजऱ्यांवर कबुतरे बसतात, आणि कबुतरांत हा परजीवी सर्रास असतो; त्यांची विष्ठा आणि लाळ पिंजऱ्यातल्या पाण्यात पडू देणे हे दुखणे स्वतःहून बोलावण्यासारखे आहे.

सगळीच ओकारी रोगाची नसते. नर मान वरखाली करून, उत्साहाने, नेमके आरशावर किंवा मादीच्या चोचीत दाणे काढून घालत असेल तर ते प्रियाराधन आहे. आरशासमोरच सारखे होत असेल तर आरसा काढून घ्यावा. पंधरवड्यात ते थांबले तर औषधाचा प्रश्नच उरत नाही.

शिंका, डोळ्यांतले पाणी आणि घरातल्या माणसांचा ताप

नाकपुड्यांवरची पिसे ओलसर तपकिरी होणे, शिंका, डोळ्याभोवती सूज अशी सर्दीसारखी लक्षणे दर दोन-तीन महिन्यांनी येत असतील तर प्रथम आहार तपासावा. केवळ दाण्यांवर वाढलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व मिळत नाही. त्याच्या अभावी तोंड, नाक आणि श्वासमार्गाचे आतले मऊ अस्तर जाड, खडबडीत बनते आणि जंतू तिथे सहज ठाण मांडतात. तोंडात पांढरे ठिपके दिसू शकतात. प्रतिजैविकाने जंतू मरतात, अस्तर तसेच राहते, आणि पुढच्या महिन्यात दुसरे जंतू येतात. शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, किसलेले गाजर, लाल ढोबळी मिरची यांची सवय लावणे हा इथला खरा उपचार आहे. पक्षी नवे खाणे आठवडेच्या आठवडे नाकारतो, म्हणून ओल्या पाल्याची जुडी पिंजऱ्याच्या वरच्या दांडीजवळ टांगून चिकाटी धरावी. दाणे एकदम बंद करून त्याला उपाशी ठेवण्याचा प्रयोग करू नये.

डोळ्यांतून स्राव, पोपटी रंगाची विष्ठा, धाप आणि मरगळ ही लक्षणे एकत्र आली तर क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूमुळे होणारा सिटाकोसिस तपासून घेतलाच पाहिजे, कारण तो माणसांना होतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासावाटे गेल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला आणि कधी न्यूमोनिया होतो. घरात कोणाला असा ताप आला तर आपल्या डॉक्टरांना ‘घरात पक्षी आहेत’ हे आपणहून सांगावे, कारण ते सहसा विचारत नाहीत. पिंजरा कोरडा झाडू नये, कागद आधी ओला करावा, आणि गर्भवती स्त्रीने ही साफसफाई दुसऱ्याकडे सोपवावी.

या रोगावर डॉक्सिसायक्लीन चालते, मात्र पारंपरिक उपचारक्रम ४५ दिवसांचा आहे. पक्षी पाचव्या दिवशी बोलू लागतो आणि बहुतेक घरांत सातव्या दिवशी औषध थांबते. जिवाणू पेशींच्या आत टिकून राहतो आणि पक्षी थकला, पिसे गळू लागली किंवा अंड्यांवर बसला की परत डोके काढतो. दुसरी अडचण कॅल्शियमची आहे: समुद्रफेस (चोचीने कुरतडण्यासाठी पिंजऱ्यात लावतात ते माकुळाचे पांढरे हाड) आणि कॅल्शियमचे खडे या औषधाला आतड्यातच बांधून टाकतात, त्यामुळे उपचाराच्या काळात ते पिंजऱ्यात ठेवावेत की काढावेत हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावे.

चोचीवरचे खवले

चोचीच्या कडेला, नाकपुड्यांभोवती, डोळ्यांच्या कडांवर आणि पायांवर पांढरट-करडा, बारीक छिद्रांचा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा थर दिसला, तर ते क्नेमिडोकोप्टिस ही त्वचेत बिळे करणारी सूक्ष्म कीड आहे. ओळखायला सर्वांत सोपे आणि बरे करायला सर्वांत सरळ असे हे दुखणे असूनही महिनोन्‌महिने चालते, कारण खोबरेल तेल लावून खवले काढले जातात आणि खालची कीड तशीच राहते. तेल पिसांना लागले तर पिसांची ऊब धरण्याची शक्तीही जाते. आयव्हरमेक्टिनचा पातळ केलेला थेंब मानेवरच्या त्वचेवर देतात आणि दोन आठवड्यांच्या अंतराने पुन्हा देतात. पिंजऱ्यातल्या सर्व पक्ष्यांना एकाच वेळी द्यावे लागते. गुराढोरांसाठीचे एक टक्का इंजेक्शन अंदाजाने थेंबभर लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, कारण ३५ ग्रॅमच्या जिवाला तेवढे औषध मारकही ठरू शकते. उशीर झाला तर चोच कायमची वाकडी वाढते.

रात्री पक्षी अस्वस्थ असतात, दिवसा फिकट आणि मलूल दिसतात, पण अंगावर काहीच सापडत नाही, अशा वेळी लाल किडीचा संशय घ्यावा. ती दिवसा पिंजऱ्याच्या सांध्यांत आणि अंड्यांसाठी टांगलेल्या मडक्याच्या कडेला लपते आणि रात्री रक्त पिते. पिंजऱ्यावर रात्री पांढरे फडके टाकून सकाळी पाहिले की लालसर ठिपके चालताना दिसतात. येथे पक्ष्यापेक्षा पिंजऱ्यावर उपचार करावे लागतात: मडकी टाकून द्यावीत, लाकडी दांड्या बदलाव्यात आणि सांधे उकळत्या पाण्याने धुवावेत.

मादीचे दुखणे आणि मडके

मादी कॉकाटील नर नसतानाही अंडी घालते, आणि काही माद्या वर्षभर थांबतच नाहीत. प्रत्येक अंड्याच्या कवचासाठी हाडांतले कॅल्शियम ओढले जाते. ते संपत आले की अंडे बाहेर ढकलण्याची ताकद स्नायूंत उरत नाही. पाय फाकवून तळाशी बसणे, शेपटी हलवत कुंथणे, विष्ठा बंद होणे, पाय लुळे पडणे ही अंडे अडकल्याची चिन्हे असून ती काही तासांत जीव घेऊ शकतात. पोट दाबून अंडे काढण्याचा प्रयत्न केल्यास अंडे आत फुटते आणि मादी दगावते. ऊबदार, दमट जागी ठेवून तिला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

वाचलेली मादी दोन महिन्यांनी पुन्हा त्याच स्थितीत येऊ नये यासाठी मडके, खोके, अंधारे कोपरे काढून टाकावेत, दिवस लवकर मावळवावा म्हणजे १२ ते १४ तास अंधार मिळेल, पाठीवरून हात फिरवणे थांबवावे आणि समुद्रफेस कायम ठेवावा. घातलेली अंडी लगोलग उचलू नयेत. उचलली की ती भरून काढण्यासाठी मादी आणखी घालते. ती कंटाळून सोडेपर्यंत, साधारण तीन आठवडे, तिला बसू द्यावे.

पायाचे थोडक्यात सांगायचे तर, प्रौढ बजरीगर मार न लागता एका पायाने लंगडू लागला तर मूत्रपिंडातील किंवा जननग्रंथीतील गाठ पायाच्या मज्जातंतूवर दाब देत असण्याची शक्यता बरीच असते, आणि नराची चोचीवरची निळी मेणचट पट्टी तपकिरी होणे ही वृषणातील गाठीची खूण असू शकते. मादीत हीच पट्टी विणीच्या काळात तपकिरी, खडबडीत होते. ते नैसर्गिक आहे. तळव्यावर लालसर गुळगुळीत डाग किंवा फोड असतील तर दोष एकाच जाडीच्या प्लॅस्टिकच्या दांड्यांचा असतो. पेरू किंवा कडुनिंबाच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या बसवाव्यात.

घरच आजारी पाडते तेव्हा

तपासण्या निर्दोष येऊनही दुखणे परतत असेल तर घराकडे पाहावे. मच्छर अगरबत्ती, धूप, कापूर, खोली सुगंधित करणारे फवारे आणि ताजा रंग हे सर्व वायुकोशांना झोंबतात. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणारा वायू माणसाला जाणवण्याआधी शेजारच्या खोलीतल्या पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. स्वयंपाकघरात पिंजरा ठेवू नये याचे कारण एवढे एकच पुरेसे आहे. जस्ताचा मुलामा दिलेली स्वस्त जाळी चोचीने कुरतडली गेल्यास जस्ताची विषबाधा होते. ओकारी, पातळ विष्ठा आणि तोल जाणे असे तिचे स्वरूप असते. नव्या पिंजऱ्यानंतर दोन-तीन आठवड्यांत दुखणे सुरू झाले असेल तर हे डॉक्टरांना मुद्दाम सांगावे.

नव्या पक्ष्याचेही तसेच. तो दिसायला कितीही सतेज असला तरी ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा, त्याचे खाणेपाणी जुन्या पक्ष्यांच्या नंतर करावे आणि त्या काळात त्याची विष्ठा एकदा तरी तपासून घ्यावी. दुकानांच्या गर्दीच्या पिंजऱ्यांतून आलेल्या पिलांचे पंख आणि शेपटीची लांब पिसे गळून ती उडू शकत नसतील, तर ते पॉलिओमा किंवा सर्को विषाणूचे लक्षण असू शकते आणि अशा पिलाला इतरांत मिसळू नये.

डॉक्टरांकडे जाताना

निघेपर्यंत पक्ष्याला ऊब द्यावी: पिंजऱ्याच्या एका बाजूला बाहेरून ४० वॅटचा पिवळा दिवा लावावा, दुसरी बाजू मोकळी ठेवावी म्हणजे गरम वाटल्यास त्याला सरकता येईल, आणि पक्ष्याजवळचे तापमान ३० अंशांच्या आसपास ठेवावे. एलईडी दिव्याची ऊब मिळत नाही. दांड्या खाली आणाव्यात, दाणे-पाणी तळाशी ठेवावे. चोचीत जबरदस्तीने पाणी, मध किंवा ब्रँडी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.

सोबत न्यायच्या गोष्टी अशा: आदल्या दिवसाचा विष्ठेचा कागद, वजनांची वही, पिंजऱ्याचे छायाचित्र, घरी शांत बसलेल्या पक्ष्याची मिनिटभराची चित्रफीत आणि आतापर्यंत दिलेल्या औषधांची पाकिटे. चित्रफीत यासाठी की अनोळखी खोलीत पक्षी आजारपण पुन्हा लपवतो. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण पक्ष्यांचा सराव सर्वांना नसतो, म्हणून आधी फोन करून विचारावे. जवळ कोणी नसेल तर परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडे चौकशी करता येते. डॉक्टरांनी वजन न करता औषध लिहिले तर वजन करण्याची विनंती नम्रपणे करावी, आणि ताज्या विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी मागावी. ती स्वस्त असते, काही मिनिटांत होते, आणि उलटणाऱ्या दुखण्याचा निकाल अनेकदा तिथेच लागतो.

पक्षी दगावला आणि घरात आणखी पक्षी असतील तर त्याला लगेच पुरू नये. हातमोजे घालून पिसे साबणाच्या पाण्याने ओली करावीत, म्हणजे शरीर लवकर थंड होते. दुहेरी पिशवीत बांधून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, अन्नापासून वेगळे ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, कारण गोठल्याने पेशी फुटून तपासणी निरुपयोगी होते. शक्यतो २४ तासांच्या आत शवविच्छेदनासाठी न्यावे. मात्र एक-दोन दिवसांत अनेक पक्षी अचानक मेले, किंवा आसपास कावळे आणि कोंबड्या मरत असल्याचे कळले, तर शवांना हातच न लावता जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे बर्ड फ्लूचा शिरकाव कोंबड्यांच्या अशाच मृत्यूंतून उघड झाला होता.